आवळलेल्या पोटावर हलका हात: चिनी तुइना पद्धतीबद्दल सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिलंय की वर्षभरापासून तुमचं पोट सतत आवळलेलं असतं. कामाचा ताण वाढला की काळजाखालच्या खड्ड्यापासून बेंबीपर्यंतचा भाग कडक होतो, जेवल्यावर पोट फुगतं, शौचाला कधी दिवसातून तीनदा तर कधी दोन दिवस नाहीच. सोनोग्राफी, रक्ततपासणी, एंडोस्कोपी यांत काही निघालं नाही आणि डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतड्यात दिसणारा बिघाड नसताना होणारा पोटदुखीचा आणि शौचाचा त्रास, सांगितलं. मग कुणाच्या सांगण्यावरून 'चायनीज मसाज' म्हणून पोट जोरात दाबून घेतलंत आणि त्रास वाढला. आता तुमचे तीन प्रश्न आहेत: चिनी वैद्यकात हलक्या हाताच्या पद्धती खरंच आहेत का, त्या स्वतःच्या स्वतः करता येतात का, आणि तुमच्या सहा वर्षांच्या मुलीचं शाळेच्या वेळी पोट दुखतं, तिच्यावर त्या चालतील का.

आहेत, करता येतात, आणि मुलीवर तर त्या तुमच्यापेक्षाही चांगल्या लागू पडतात. मी तुइना, म्हणजे चिनी हस्तचिकित्सा, शांघायमध्ये शिकले आणि गेली अनेक वर्षं तेच काम करते आहे. पोटाचे रुग्ण माझ्याकडे सर्वांत जास्त येतात, आणि त्यांतले बरेचसे तुमच्यासारखे, आधी कुणीतरी दाबून दुखावलेले असतात. म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

आधी एक आवश्यक गोष्ट. तुमच्या तपासण्या झाल्या आहेत म्हणून मी पुढे लिहू शकते आहे. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं पोट अचानक, असह्य दुखत असेल, हात लावताच फळीसारखं कडक लागत असेल, सोबत ताप किंवा उलट्या असतील, शौचातून रक्त किंवा काळं पडत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली असेल, तर पोटाला कुणाचाही हात न लावून घेता डॉक्टरकडे जा. गरोदरपण, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, हर्निया, पोटात पाणी, वाढलेलं यकृत किंवा प्लीहा यांतही पोटावर तुइना करत नाहीत. ज्यांनी मला शिकवलं ते यावर फार कडक होते आणि मीही आहे.

आता मूळ मुद्दा. चिनी वैद्यकात दुखणाऱ्या पोटाला हात लावताना पहिला प्रश्न असा असतो: या पोटाला दाब आवडतो की नाही? हा भेद फार जुना आहे. 'ह्वांगदी नेइजिंग' या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात वेदनेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि काही वेदना दाबल्यावर थांबतात, काही दाबल्यावर वाढतात, त्याची कारणं तिथे एकेक करून दिली आहेत. पुढे त्याचा ढोबळ नियम झाला. ज्या पोटाला हात ठेवलेला, दाबलेला, शेकलेला बरा वाटतो, त्यात कमतरता आहे: थंडी, थकवा, कमी पडलेलं पचन. ज्या पोटाला हात नकोसा होतो, त्यात काहीतरी अडकून भरलेलं आहे: अन्न, वायू, मल, किंवा चिनी परिभाषेत यकृताची कोंडलेली छी. छी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडच्या 'प्राणा'च्या जवळची कल्पना. छी कुठल्या यंत्रावर मोजता येत नाही, पण रुग्णाच्या पोटाची ही आवड-नावड हाताला पहिल्या मिनिटात कळते आणि उपचाराची दिशा त्यावरच ठरते.

तुमच्या वर्णनावरून तुमचं पोट मिश्र आहे. वरचा भाग, बरगड्यांच्या कमानीखालचा, हात नको म्हणणारा. बेंबीखालचा भाग बहुधा गार आणि हात हवा म्हणणारा. ताणात दुखणं, दुखून शौचाला होणं आणि झाल्यावर जरा बरं वाटणं, याला चिनी वैद्य 'यकृत प्लीहेवर चढलं' असं म्हणतात. इथे यकृत आणि प्लीहा हे शरीरशास्त्रातले अवयव समजू नका; एक ताण आणि राग वाहून नेणारी व्यवस्था, दुसरी पचनाची. अशा पोटावर वरून जोर लावला तर नावडत्या जागी दाब पडतो, आणि पोट आणखी आवळून घेतं. तुमचं झालं ते हेच.

आधुनिक शरीरशास्त्राच्या भाषेतही हे सांगता येतं. पोटाच्या भिंतीच्या स्नायूंना आतल्या अवयवांचं रक्षण करायचं असतं. झटक्याने, गार हाताने किंवा बोटांच्या टोकांनी दाब आला की ते आपोआप कडक होतात. ही प्रतिक्रिया इच्छेने थांबत नाही. 'पोट सैल सोडा' असं रुग्णाला दहादा सांगून काही होत नाही, उलट तो लाजतो आणि श्वास धरतो. श्वास धरला की पोट आणखी ताठ. म्हणून शिकवताना आम्हाला सांगितलं जायचं की पोटात शिरायचं नाही, पोटाने आत घ्यावं म्हणून थांबायचं.

एक साधी परीक्षा घरी करून बघा. उताणे झोपा, दुखरी जागा बोटाने हलकेच धरून ठेवा आणि डोकं उशीवरून वर उचला. डोकं उचलल्यावर दुखणं वाढलं, तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं, स्नायूंमधलं आहे. कमी झालं, तर आतलं असण्याची शक्यता जास्त. ही परीक्षा पाश्चात्त्य वैद्यकातली आहे, पण मी प्रत्येक पोटावर करते. भिंतीतलं दुखणं हलक्या हाताला लवकर दाद देतं, आतल्याला वेळ लागतो.

आता हात. तुइनामध्ये हस्तक्रिया पुष्कळ आहेत, पण आवळलेल्या पोटासाठी मी मुख्यतः चार वापरते.

पहिली 'मो'. तळहात पोटावर सपाट ठेवून गोल फिरवायचा. हात त्वचेवरून सरकतो, खालच्या मांसाला ओढत नाही. मनगट सैल, खांदा खाली, आणि वजन फक्त हाताचं स्वतःचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसता हात फिरतोय, यात शिकायचं काय? पण नवशिक्याच्या हाताखाली रुग्णाला गोलाचा एक भाग जड आणि एक भाग हलका लागतो, कारण हात लांब जाताना दाब सुटतो आणि जवळ येताना वाढतो. पूर्ण गोलात एकसारखा दाब राहायला महिने लागतात. विद्यार्थी आधी तांदळाच्या पिशवीवर सराव करतात तो याचसाठी. पाठ्यपुस्तकात तळहाताच्या मोची गती मिनिटाला शंभराच्या आसपास दिलेली असते. ताणाने आवळलेल्या पोटावर मी त्याच्या निम्म्याहूनही कमी ठेवते. जुना नियमही आहे की सावकाश मो भरून काढतो आणि जलद मो बाहेर काढतो.

दुसरी 'रौ'. दिसायला मोसारखीच, पण इथे हात त्वचेवरून सरकत नाही. तळहाताचा मनगटाकडचा मांसल भाग एका जागी टेकवायचा आणि त्वचेसकट खालचं मांस लहान गोलात हलवायचं. मो त्वचेपाशी थांबतो, रौ स्नायूपर्यंत जातो. बरगड्यांच्या कडेने आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना उभ्या स्नायूचे जे ताठ पट्टे लागतात, तिथे हिचा उपयोग. पट्ट्याच्या मधोमध सुरुवात कधीच करत नाही. कडेने जवळ जाते, पट्टा थोडा सैल झाला की पुढचा बोटभर भाग.

तिसरी 'आन', म्हणजे दाब. लोक घाबरतात ते हिलाच, आणि हलकेपणा सर्वांत जास्त लागतो तोही हिच्यातच. तळहात किंवा तीन बोटांची मऊ पेरं सपाट ठेवायची आणि काहीच करायचं नाही. रुग्ण श्वास सोडतो तेव्हा पोट आपोआप खाली जातं, हात त्याच्यासोबत खाली जातो. श्वास घेताना पोट वर येतं, हात त्याला अडवत नाही, पण सगळी जागा परतही देत नाही. पाच-सहा श्वासांत हात जेवढा आत पोहोचतो तेवढा जोर लावून कधी पोहोचला नसता, आणि रुग्णाला तो बोचत नाही. हाताखाली गुडगुड ऐकू आली, रुग्णाने मोठा उसासा सोडला किंवा तोंडाला पाणी सुटलं, की मी समजते काम सुरू झालं. हात काढतानाही घाई नाही. झटकन काढलेल्या हाताने पोट पुन्हा आवळतं.

चौथी 'झेन', कंपन. तळहात ओटीपोटावर किंवा काळजाखालच्या खड्ड्याच्या खाली ठेवून बाहूच्या स्नायूंतून बारीक, जलद कंप हाताखाली पाठवायचा. मिनिटाला कित्येक शे कंपनं होतात, पण हात जागचा हलत नाही. चांगलं झेन झालं की रुग्णाला आत ऊब पसरल्यासारखी वाटते. हे घरी करण्याचं काम नाही, कारण त्यासाठी यीजिनजिंग या जुन्या चिनी व्यायाममालिकेसारखे व्यायाम करून हात तयार करावे लागतात. तुइनाच्या शाळांमध्ये असे व्यायाम अभ्यासक्रमाचाच भाग असतात.

'हलका' याचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. बोटांनी गुदगुल्या होतील असा स्पर्श आम्ही टाळतो, त्याने पोट सावध होतं. अमेरिकेत मायामी विद्यापीठाच्या स्पर्शसंशोधन केंद्रात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर जे काम झालं, त्यात मध्यम दाबाच्या मर्दनाने व्हेगस या मज्जातंतूचं काम आणि जठराची हालचाल वाढली, अगदी अलगद स्पर्शाने तसं झालं नाही. दुसरीकडे, त्वचेत असे मज्जातंतू आहेत जे सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर अशा सावकाश स्पर्शाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, आणि तो स्पर्श सुखद वाटतो. या दोन्ही गोष्टी हाताच्या अनुभवाशी जुळतात: हाताचं पूर्ण वजन असावं, गती सावकाश असावी, आणि वर जोर नसावा.

मर्दनाने आयबीएस बरा होतो असं मी कुणालाही सांगत नाही. बद्धकोष्ठावरच्या पोटाच्या मर्दनाच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीचा अहवाल २०१८ मध्ये आला, त्यात शौचाची वारंवारता काहीशी वाढली, पण मुख्य मोजमापात ठोस फरक दिसला नाही. माझ्या रुग्णांमध्ये ताठरपणा, फुगल्याची भावना आणि झोप यांत फरक लवकर दिसतो, शौचाच्या नियमितपणात उशिरा, आणि काहींच्यात दिसतही नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि आहाराचे बदल यांच्या जोडीला हे करायचं, त्यांच्याऐवजी नाही.

आता जागा. चिनी वैद्यकात अंतर रुग्णाच्याच शरीराने मोजतात. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापासून बेंबीपर्यंत आठ भाग, बेंबीपासून जांघेच्या मधल्या हाडापर्यंत पाच. एका भागाला त्सुन म्हणतात, आणि तो साधारण रुग्णाच्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. चार बोटं जोडून तीन त्सुन. छातीचं हाड आणि बेंबी यांच्या बरोबर मध्ये झोंगवान, बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन त्सुनांवर त्यानशू, बेंबीखाली दीड त्सुनांवर छीहाय आणि तीनवर ग्वानयुआन. झोंगवान जठरासाठी, त्यानशू मोठ्या आतड्यासाठी, खालचे दोन ऊब आणि बळासाठी. पायावर, गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळगीपासून चार बोटं खाली आणि नडगीच्या हाडाच्या बाहेर एक बोट, झूसानली. पोटाच्या तक्रारीला आधी झूसानली धरा, असं चीनमध्ये विद्यार्थ्यांना चार ओळींच्या एका पद्यातून पाठ करायला लावतात. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून दोन त्सुन वर, दोन स्नायुरज्जूंच्या मध्ये नेइग्वान. मळमळ आणि छातीतली धडधड यासाठी तो.

तुमच्यासारख्या पोटावर मी पहिल्या भेटीत पोटाला हात लावतच नाही, किंवा अगदी शेवटी लावते. सुरुवात पायापासून, झूसानलीवर. मग पालथं झोपवून पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना अकराव्या आणि बाराव्या पाठीच्या मणक्यापाशी, जिथे चिनी नकाशात प्लीहा आणि जठर यांचे बिंदू आहेत. पाठ मऊ झाली की पोट निम्मं आपोआप सुटलेलं असतं. ज्या पोटाला हात नको आहे त्याच्यापर्यंत दुरून जायचं, यात कमीपणा नाही. बेजिंगमध्ये मुलांच्या पोटाच्या तक्रारींवर पाठीची कातडी चिमटीत धरत वर नेणाऱ्या फंग घराण्याची परंपरा प्रसिद्ध आहे, आणि त्या उपचारात मुख्य काम पाठीवरच चालतं.

हातांनी पोट बघताना बेंबीभोवती ठोके लागतात, त्याबद्दल थोडं. आपल्याकडे लगेच 'बेंबी सरकली' म्हणतात आणि कुणीतरी ती 'जागेवर आणायला' दाबतो. बेंबीच्या मागे, कण्याला लागून महाधमनी असते. बारीक माणूस उताणा झोपला की तिचे ठोके हाताला लागणारच. चिनी वैद्यही या ठोक्यांकडे लक्ष देतात, ते उथळ आणि जोरात लागले तर अशक्तपणा आणि घबराट यांची खूण मानतात, पण त्यांना दाबून हलवायला जात नाहीत. मोठ्या वयात, विशेषतः धूम्रपान केलेल्या पुरुषाच्या पोटात रुंद, धडधडणारी गाठ लागली तर मात्र हात काढायचा आणि त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवायचं.

घरी काय करायचं ते आता सांगते. चीनमध्ये जेवणानंतर पोटावर हात फिरवायची सवय फार जुनी आहे. थांग काळातले वैद्य सुन सिम्याओ यांनी सातव्या शतकात लिहून ठेवलंय की जेवण झाल्यावर चालावं आणि पोटावर शेकडो वेळा हात फिरवावा. ते रोजच्या निरोगी माणसासाठी, अगदी वरवरच्या हाताने. उपचाराचं मर्दन मात्र जेवणानंतर तास-दीड तास गेल्यावर. अठराव्या शतकात फांग काय नावाच्या माणसाने नऊ क्रियांची एक स्वमर्दनाची मालिका रुजवली आणि ती आजही शिकवली जाते. तिच्यातल्या आठ क्रिया हाताच्या आहेत आणि नववी मांडी घालून बसून कमरेपासून वरचं अंग गोल फिरवण्याची. बहुतेक क्रिया एकवीस वेळा. मी रुग्णांना त्यातल्या निवडक देते, कारण सगळी मालिका रोज करणारे थोडे असतात आणि पोटाला सातत्य लागतं.

रात्री झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन या. हात एकमेकांवर घासून गरम करा, हिवाळ्यात गरम पाण्यात धरा. उताणे झोपा, गुडघ्यांखाली उशी किंवा लोड घ्या, म्हणजे पोटाची भिंत सैल पडते. अंथरुण फार मऊ नको. एक हात छातीवर, एक बेंबीखाली ठेवून दोन मिनिटं नुसता श्वास बघा. खालचा हात वर-खाली व्हायला हवा, वरचा जवळपास स्थिर. पोट फुगण्याच्या तक्रारीत श्वासपटल चुकीच्या वेळी खाली ढकललं जातं आणि पोट पुढे येतं, असं बऱ्याच रुग्णांत आढळलं आहे. म्हणजे फुगलेलं दिसणारं सगळं पोट गॅसनेच भरलेलं असतं असं नाही, आणि श्वासाचा भाग वगळून नुसता हात फिरवलात तर अर्धाच फायदा मिळतो.

मग दोन्ही हातांची मधली तीन बोटं काळजाखालच्या खड्ड्यात ठेवून लहान, अगदी हलके गोल, एकवीस. तिथे नको वाटलं तर दोन बोटं खाली या. तिथून गोल फिरवत फिरवत सरळ खाली बेंबीवरून ओटीपोटाच्या हाडापर्यंत या. त्यानंतर दोन्ही हात बाजूंना वेगळे करून दोन्ही कुशींवरून वर परत खड्ड्यापाशी. शेवटी खड्ड्यापासून हाडापर्यंत सरळ खाली सरकवणं, पुन्हा एकवीस वेळा. सरकवताना श्वास सोडत राहा.

यानंतर बेंबीभोवती तळहाताचे मोठे गोल. दिशा हा लोकांना गोंधळात टाकणारा भाग. मोठ्या आतड्याचा प्रवास उजव्या जांघेपासून वर, बरगड्यांखालून आडवा, डाव्या बाजूने खाली असा आहे. हात त्याच मार्गाने फिरवा: उजव्या कुशीतून वर, आडवं, डाव्या कुशीतून खाली. बद्धकोष्ठ आणि फुगणं असेल तर हीच दिशा. जुलाबाचे दिवस असतील, पोट गार आणि थकलेलं असेल, तर चिनी परंपरेत उलट दिशा सांगतात, आणि संमिश्र तक्रारीत दोन्ही दिशांनी सारखे. तुमच्यासाठी मी दोन्ही सुचवेन, प्रत्येकी तीन मिनिटं, सावकाश. शेवटी दोन्ही तळहात एकावर एक ओटीपोटावर, ग्वानयुआनच्या जागी, ठेवून दहा श्वास पडून राहा. उठताना कुशीवर वळून उठा.

झूसानली सकाळी करा. अंगठ्याने दोन्ही पायांवर दोन-दोन मिनिटं, ठणकल्यासारखं पण सहन होईल इतकं दाबून गोल. इथे हलक्या हाताचा आग्रह नाही, पाय दाब घेऊ शकतो.

तेलाबद्दल नेहमी विचारतात. मोसाठी थोडं तिळाचं तेल कोमट करून किंवा साधी टाल्कम पावडर पुरते. रौ आणि आनसाठी काहीच लावू नका, हात घसरतो. चीनमध्ये गारठ्याच्या पोटावर आलं आणि पातीच्या कांद्याचा रस वापरतात. आपल्याकडे बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावून गोल हात फिरवतात, तो हात जवळजवळ मोच आहे, आणि तो आजी-पणजीकडून शिकलेल्या बायकांचा हात फार सुरेख असतो. पाळीच्या दिवसांत ओटीपोटावर दाब नको, नुसता गरम हात ठेवा. पोटाला पट्टा आवळून बांधत असाल किंवा दिवसभर पोट आत ओढून धरायची सवय असेल, तर ती सोडा. माझ्या तरुण रुग्णांमध्ये आवळलेल्या पोटाचं हे कारण मी फार वेळा पाहिलं आहे.

दोन ते तीन आठवडे रोज केलंत तर फरक कळायला हवा. करताना पोट आणखी कडक होत गेलं, दुखणं एका जागी स्थिरावलं, किंवा रात्री दुखण्याने जाग यायला लागली, तर बंद करून डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

आता तुमच्या मुलीबद्दल. मुलांची तुइना ही चिनी वैद्यकातली वेगळी शाखा आहे. मिंग काळात ती आकाराला आली, आणि १६०१ सालच्या 'झेनजिउ दाचंग' या मोठ्या ग्रंथात मुलांच्या मर्दनावरचा एक स्वतंत्र भाग आहे. मुलांचं पोट पातळ आणि हात लवकर ओळखणारं असतं, म्हणून तिथे हलका हातच मुख्य उपचार.

पण आधी खात्री करा. बेंबीभोवती दुखणारं, शाळेच्या दिवशी येणारं आणि सुटीच्या दिवशी नसणारं पोट बहुतेक वेळा धोक्याचं नसतं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी मागेच नोंदवून ठेवलंय की मुलाचं दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकं शारीरिक कारण असण्याची शक्यता जास्त. उजव्या बाजूला खाली दुखत असेल, झोपेतून उठवत असेल, वजन किंवा उंची वाढत नसेल, ताप येत असेल, किंवा पोटात गाठ हाताला लागली असेल, तर हात न फिरवता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. गाठ असेल तर पुन्हा पुन्हा चाचपूनही बघू नका.

सगळं ठीक असेल तर रात्री झोपताना बेंबीभोवती तळहाताने गोल, तीन ते पाच मिनिटं. मग दोन्ही अंगठे झोंगवानवर ठेवून बरगड्यांच्या कडेने दोन्ही बाजूंना अलगद सरकवा, पन्नासेक वेळा. सकाळी उपाशी पोटी तिला पालथं झोपवून माकडहाडापासून मानेपर्यंत पाठीची कातडी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून वर सरकवत न्या, तीन ते पाच वेळा. लहान मुलांना हे आवडतं, हसतात. नको म्हणाली तर त्या दिवशी सोडून द्या. बेंबीखाली दोन्ही बाजूंच्या दुजिआओ या जागा धरून उचलण्याची एक जोरकस क्रियाही पुस्तकात आहे. चीनमधले वैद्यसुद्धा ती सगळ्यांत शेवटी करतात, कारण ती केली की मूल रडतं आणि पुढचं काहीच करू देत नाही. घरी ती करू नका. आणि शाळेत काय चाललंय हेही शोधा: शौचालयात जायची भीती, बसमधला कुणी, एखादा तास. मर्दनाने तिचं पोट रोज सकाळी सुटेल, पण ते रोज आवळणारं कारण शाळेतच असेल तर तिथे जाऊनच बोलावं लागेल.

तुम्हाला प्रत्यक्ष कुणाकडून उपचार घ्यायचे असतील तर एक गोष्ट माहीत असू द्या. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तुइनासाठी वेगळी नोंदणी नाही. म्हणून पाटीवर जाऊ नका, विचारलेल्या प्रश्नांवर जा. पोटाला हात लावण्याआधी समोरच्याने तपासण्यांचे कागद बघायला हवेत. जेवण कधी झालं, पाळी किंवा गरोदरपण, शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधं हे विचारायला हवं. पहिला हात गरम, सपाट आणि स्थिर असायला हवा, आणि तुम्ही 'दुखतंय' म्हणताच तो वर यायला हवा. 'आतली गाठ फोडतो', 'दुखल्याशिवाय सुटणार नाही' असं कुणी म्हणालं किंवा पोटावर कोपर टेकवलं, तर त्याच क्षणी थांबवा आणि उठून या.